विणकराचे पाय

जागेश्वर हेडाऊ मोटरसायकलच्या टेस्टमध्ये नापास झाला, ही बातमी तो स्वतः घरी पोचायच्या आधी तांडापेठेत पोचली. पाचपावलीपासून घरापर्यंत तिघांनी त्याला अडवून विचारलं, काय गा, गाडी पाडली म्हणे? गाडी पाडली नव्हती. पाडली असती तर बरं झालं असतं, सांगायला निदान कारण तरी मिळालं असतं. गाडी कुठे पडली नाही, कोणाला धडकली नाही. ती फक्त दर वीस-पंचवीस हातांवर गचका खाऊन बंद पडत राहिली. चौथ्यांदा बंद पडली तेव्हा इन्स्पेक्टरने कागदावर शेरा मारला आणि म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी या."

पुढचा शुक्रवार म्हणजे एकोणीसशे अडुसष्टच्या मार्चची पंधरा तारीख. आणि शनिवारी, सोळा तारखेला, विणकर संघाची मीटिंग होती.

गोष्ट अशी होती की संघाला एक माणूस हवा होता. उमरेड, भिवापूर, पवनी असा पट्टा फिरायचा, घरोघरी मागावरचं लुगडं बघायचं, सूत द्यायचं, तयार माल पारखून घ्यायचा. पगारी नोकरी, फिरायला संघाची बुलेट. अर्ज दोनच उरले. एक जागेश्वरचा, ज्याला कापडाचा काठ अंधारात बोटांनी कळायचा पण सायकलीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. दुसरा ईश्वरदासचा, ज्याच्या खिशात मोटरसायकलचं लायसन होतं आणि ज्याने जन्मात माग चालवला नव्हता. संघाचे सेक्रेटरी विश्वनाथजी सरळ माणूस. त्यांनी सांगितलं, "पहिला हक्क विणकराचा. जागेश्वरनं सोळा तारखेपर्यंत लायसन दाखवलं तर नोकरी त्याची. नाही तर ईश्वरदासची. मग मले कोणी दोष देऊ नका."

आणि जागेश्वरला ती नोकरी हवी होती म्हणजे किती हवी होती? महिन्यातले पंधरा दिवस सूत नसायचं. उरलेले पंधरा दिवस विणलेलं लुगडं घेऊन दुकानाच्या पायऱ्या झिजवायच्या, कारण मिलचं पातळ निम्म्या भावात शेजारच्याच दुकानात टांगलेलं. बायको पुष्पलता, दोन पोरी, म्हातारी माय मैनाबाई, आणि घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खणलेला खड्डामाग. या सगळ्यांचं पोट त्या मागावर होतं, आणि माग काही आता पोट भरत नव्हता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मैनाबाईलाही माहीत होतं. पण ज्या दिवशी जागेश्वर म्हणाला की नोकरी लागली की खड्ड्यावर फळ्या टाकू, गाडी आत ठेवायला जागा होईल, त्या दिवसापासून म्हातारी त्याच्याशी बोलेनाशी झाली. तीन आठवडे झाले. जेवायला वाढायची, पण पुष्पलतेच्या तोंडून विचारायची, "त्याले भाकर पाहिजे का विचार वं."

गाडी शिकवत होता देवराव. कमाल चौकाजवळ त्याचं गॅरेज, म्हणजे टिनाचं छप्पर आणि त्याखाली तेलाने काळी पडलेली जमीन. हा देवराव आणि जागेश्वर शाळेत एका बाकावर बसायचे. छप्पन सालच्या दसऱ्याला देवरावच्या घरच्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा गावाकडून आलेल्या त्यांच्या पाहुण्यांपैकी चार जण जागेश्वरच्याच पडवीत झोपले होते. तेव्हापासून दोघांत हिशेब नव्हता. फक्त देवरावचा स्वभाव तिखट. आपल्याला इंजिनातलं सगळं कळतं, असं तो मानायचा, आणि खरं म्हणजे कळायचंही. म्हणून तर त्याच्याशी वाद घालणं अवघड.

"तुहा हात कापते गा," टेस्टच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी, तो म्हणाला. "क्लच एकदम सोडतं तू. म्हणून गचका बसते."

"मी हळूच सोडतो."

"मी मागे बसून राहिलो का तू? हळू सोडलं असतं तं गाडी बंद काहून पडते?"

शनिवार गेला. रविवार उजाडला. नाईक तलावाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत जागेश्वर संघाकडून शिकायला आणलेली बुलेट घेऊन फिरत होता, देवराव मागच्या सीटवर बसून ओरडत होता, आणि तलावाच्या पायऱ्यांवर सल्लागारांची रांग लागली होती. एक म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी आहे. दुसरा म्हणाला मंगळवारी मारुतीला नारळ फोड. ज्यांनी आयुष्यात हातगाडीसुद्धा ढकलली नाही तेही बोटं नाचवून सांगत होते की गिअर कसा टाकावा. आणि ईश्वरदास. तो पान चघळत कडुनिंबाखाली उभा राहायचा. काही बोलायचा नाही, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा. रविवारी मात्र बोलला. "जागेश्वरभाऊ, मनाले लावून घेऊ नका. ज्याचं काम त्यानंच करावं. तुमचा माग हाय नं घरी."

जागेश्वरच्या डोक्यात सणक गेली. त्याने दुसऱ्या गिअरवरून तिसरा टाकला, आणि गाडीने असा गचका दिला की देवरावचं नाक त्याच्या पाठीवर आपटलं. गाडी बंद. पायऱ्यांवर हशा पिकला. त्या हशाने जागेश्वरच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि त्याला रडू आलं असतं, पण छत्तीस वर्षांचा माणूस तलावाच्या काठी कसा रडणार. तो गाडी ढकलत घरी घेऊन आला.

दारासमोर बुलेट मधल्या स्टँडवर उभी केली. मागचं चाक अधांतरी. देवराव म्हणाला, "इथंच चालू कर, जागच्या जागी गिअर टाकून दाखव. हात पाहतो मी तुहा." तो पुढे उभा राहून क्लचच्या हाताकडे टक लावून बघू लागला. जागेश्वरने किक मारली, पहिला टाकला, दुसरा टाकला. मागचं चाक फिरता फिरता कण्हल्यासारखा आवाज काढून थांबू लागलं.

दारात मैनाबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. खाली उंबऱ्याशी बसलेली म्हातारी. तिच्या डोळ्यांसमोर हात नव्हते, पाय होते. चरखा थांबला.

"पुन्हा कर," ती म्हणाली.

जागेश्वरने मागे वळून पाहिलं. तीन आठवड्यांनी मायचा आवाज त्याच्या दिशेने आला होता. पुष्पलताही हातातलं टाकून दारात आली.

"काहून वं माय?"

"कर म्हणलं नं. दुसऱ्यावरून तिसरा."

त्याने केलं. उजव्या पायाने गिअर खाली दाबला. चाक पुन्हा कण्हलं.

"हे पाय," मैनाबाई म्हणाली, "गाडी नाई चालवून राहिले. माग चालवून राहिले. उजवा दाबला का डावा दाबते. पाहा नं गा देवराव, हातात काय ठेवलं हाय."

देवराव खाली वाकला. मग मातीत गुडघे टेकून बसला. जागेश्वरने परत गिअर दाबला, आणि या वेळी देवरावने पाहिलं, पुष्पलतेने पाहिलं, आणि खुद्द जागेश्वरने मान खाली घालून पाहिलं. उजवा पाय गिअरवर खाली गेला तसा डावा पाय, कोणी न सांगता, ब्रेकवर खाली गेला. बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे उजव्याने खाली दाबायचे. म्हणजे तो दर गिअरला गाडी पुढे हाकत होता आणि त्याच क्षणी तिला थांबवत होता.

चूक कोणाची म्हणावी? खड्डामागावर पायांखाली दोन पावड्या असतात. उजवी दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर जातात, आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडे जातो; मग डावी, मग उजवी. बावीस वर्षं, दिवसाला आठ-आठ दहा-दहा तास. चौदाव्या वर्षी बापाने त्याला खड्ड्यात आपल्या मांडीपुढे बसवलं होतं आणि त्याचे घोटे सुताच्या फडक्याने आपल्या घोट्यांना बांधले होते. बापाचा पाय जाईल तसा पोराचा जाईल. महिनाभर बांधले होते. त्यांच्या घरी असंच शिकवायचे.

"आता कळलं," देवराव म्हणाला. "डावा पाय ब्रेकवर ठेवूच नको. खाली लोंबू दे."

"न् थांबवाले?"

देवराव गुडघ्यांची माती झटकत उठला. मग म्हणाला, "मोडू सवय. पाच दिवस हायेत."

"जित्याची खोड हाय थे," मैनाबाई म्हणाली आणि चरखा फिरवू लागली. "पाच दिवसात नाई जात."

रात्रभर जागेश्वरच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सोमवारी सकाळी तो गॅरेजवर गेला तो गाड्यांकडे बघत बसला. राजदूतचं इंजिन खोलून परातीत पडलेलं. स्कूटर कोणी उसनी देणार नव्हतं. त्या काळी स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, पोटच्या पोरीला दिली नसती. कोपऱ्यात एक लाल जावा उभी होती. सीताबर्डीच्या कृष्णकांत वकिलाची. वकील खटल्यासाठी जबलपूरला गेला होता आणि जाताना सांगून गेला होता की रोज थोडी फिरवत जा, बसून बॅटरी उतरते.

"हिचा गिअर कोन्त्या पायाले?" जागेश्वरने विचारलं.

"डाव्या. ब्रेक उजव्या. सगळं उलटं. तिचं नाव काढू नको."

"खाली दाबाचा का वर उचलाचा?"

"पहिला खाली दाबाचा. बाकीचे पंजानं वर उचलाचे. आन् तिची किक आन् गिअर एकच दांडा. किक मारून दांडा पुढे पाडाचा, मंग तो गिअर होते. आता चार दिवसावर टेस्ट असताना गाडी बदलतं का? डोकं फिरलं का तुहं? जी गाडी नोकरीत चालवाची, तिच्यावरच टेस्ट द्याची. विश्वनाथजीनं बी हेच सांगलं होतं."

"लायसन तं सगळ्या मोटरसायकलचं एकच भेटते नं? बुलेटची सवय मंग सावकाश लावतो."

"हो, पण..."

"देवराव, माहं ऐक एकदा." जागेश्वर जावावर बसला. पायातल्या चपला काढून टाकल्या. "वर चढताना मी पाय दाबत नाई, उचलतो. मागावर उचलल्यानं दुसरा पाय जात नाई. दाबल्यानं जाते. म्हणजे चढताना ब्रेक लागत नाई. बरोबर?"

देवरावने मान वाकडी करून दांड्याकडे पाहिलं.

"आता थांबाचं हाय. उजव्यानं ब्रेक दाबला. मंग डावा आपोआप खाली जाते. गिअर उतरला. मंग उजवा, ब्रेक. मंग डावा, गिअर उतरला. थांबेपर्यंत गाडी पहिल्यात."

देवरावने हातातला पाना खाली ठेवला. तो जमिनीवर उकिडवा बसून स्वतःचेच पाय पुढे-मागे करून बघत राहिला, कितीतरी वेळ. शेवटी म्हणाला, "तुह्या बापानं तुले जावा शिकवली होती बे." मग लगेच कपाळाला आठ्या घातल्या. "पण जागो, चार दिवस हायेत. हे जमलं नाई न् बुलेट बी सुटली, तं एक ना धड भाराभर चिंध्या. सांगून ठेवतो."

हे तर जागेश्वरलाही कळत होतं. तरी त्याने जावाच निवडली.

सोमवार ते गुरुवार तो झुंजूमुंजू व्हायच्या आत निघायचा आणि दिवेलागणीला परतायचा. तलावाच्या बाजूला नको, तिथे सल्लागार होते. कामठी रोडकडे, मोकळ्या रस्त्याला. पहिल्या दिवशी किक मारून दांडा पुढे पाडायला विसरायचा आणि गिअर शोधत हवेत पाय मारायचा. दुसऱ्या दिवशी डाव्या पंजाची वरची कातडी सोलली. पुष्पलतेने तिथे हळद-तेल लावलं आणि जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. मागावर एक लुगडं अर्धवट उभं होतं, दोन हात विणायचं राहिलेलं, लाल काठाचं. त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. मैनाबाई रोज त्यावरची धूळ झटकायची.

शुक्रवारी परीक्षेच्या मैदानावर अकरा जण होते. चुन्याने रंगवलेल्या दगडांमधून आठाचा आकडा काढायचा, पाय जमिनीला लावायचा नाही. मग सरळ रस्त्याने जाऊन यायचं. इन्स्पेक्टर तोच. त्याने जागेश्वरकडे पाहिलं, मग जावाकडे पाहिलं. "गाडी बदलली का?"

"हो साहेब."

"गाडी बदलून माणूस बदलत नाही," इन्स्पेक्टर म्हणाला आणि रजिस्टरात डोकं घातलं.

ईश्वरदास आला होताच. त्याला काही काम नव्हतं, लायसन खिशात होतं, तरी आला होता. कुंपणाच्या तारेला टेकून उभा. जागेश्वरच्या आधीच्या दहा जणांपैकी सहा नापास झाले. एक तर पोलिसाचा भाऊ होता, तोही.

पहिली किक. काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या किकला इंजिन फुरफुरलं आणि विझलं. "पेट्रोलचा खटका," देवराव कुंपणाबाहेरून दबक्या आवाजात म्हणाला, आणि इन्स्पेक्टरने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो चार पावलं मागे गेला. खटका उघडला. चौथ्या किकला गाडी चालू झाली. दांडा पुढे पाडला. डाव्याने पहिला दाबला.

आठाच्या आकड्यात पाय हलवायचा नव्हता. तेच सर्वांत भयंकर होतं, कारण त्याचे पाय स्वस्थ बसायला शिकलेच नव्हते. पहिल्या वळणाला उजवा पाय शिवशिवला. दगड जवळ आला. त्याने हाताकडे पाहिलं. मागावर हात थांबला की पाय थांबतात. त्याने हात घट्ट धरला, दात आवळले, आणि गाडी डुगडुगत वळली. दुसरं वळण. पुढच्या चाकाने दगडाचा चुना पुसला, पण दगड हलला नाही. तो बाहेर आला.

"सरळ जा. वळून या," इन्स्पेक्टर म्हणाला.

दुसरा उचलला. तिसरा उचलला. गाडी लोण्यातून गेल्यासारखी गेली, एक गचका नाही. टोकाला वळून तो परत निघाला, आणि पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की आता जमलं. तेवढ्यात रस्त्याच्या कडेच्या झाडाआडून इन्स्पेक्टर पुढे आला. दहा हातांवर. हात वर करून मधोमध उभा.

जागेश्वरला नंतर त्या क्षणाचं काहीच आठवलं नाही. डोकं बंद पडलं होतं. चाललं ते पायांनी चालवलं. हाताने क्लच ओढला आणि उजवा, डावा, उजवा, डावा. खट, खट. इन्स्पेक्टरच्या चपलेपासून हातभर अलीकडे जावा उभी राहिली, आणि इंजिन चालूच होतं.

"चला पुढे," इन्स्पेक्टर लगेच म्हणाला. इथेच माणसं फसतात. थांबतात तिसऱ्यात, आणि तिसऱ्यातच निघायला जातात. जागेश्वरने क्लच सोडला. गाडी पहिल्यात होती. ती निघाली.

इन्स्पेक्टरने कागदावर सही केली. मग पेन खिशाला लावता लावता विचारलं, "आठ दिवसांत असं थांबायला कुठे शिकला?"

"घरीच," जागेश्वर म्हणाला.

शनिवारी मीटिंगमध्ये विश्वनाथजींनी लायसन उलटसुलट करून पाहिलं आणि नोकरीचा कागद दिला. ईश्वरदासने हात मिळवला. काही म्हणा, माणूस दिलदार निघाला. संध्याकाळी जागेश्वर घरी आला तेव्हा पुष्पलतेने दारात पाणी ओवाळून टाकलं, पोरींनी पेढ्याचा पुडा हिसकावला. तो मायच्या पाया पडला.

"सोमवारपासून जाचं हाय," तो म्हणाला.

"जाजो," मैनाबाई म्हणाली. "लुगडं दोन हात राहिलं हाय. अर्धं सोडून उठू नये. तुहा बाप कधी उठला नाई."

त्याला ते पटलं. खरं सांगायचं तर त्याला ते हवंच होतं. नोकरी हातात आल्यावर माग त्याला पुन्हा गोड वाटू लागला होता. रविवारी, सोललेल्या पंजाची पट्टी काढून, तो खड्ड्यात उतरला. दोन्ही पाय पावड्यांवर ठेवले. गार, गुळगुळीत लाकूड. मैनाबाई भरलेल्या कांड्या घेऊन शेजारी बसली, जशी बापाच्या शेजारी बसायची. उजवा. धोटा गेला. डावा. धोटा आला. घरात तो आवाज आठवड्याने आला होता, आणि पुष्पलता आत चुलीपाशी गुणगुणायला लागली.

वीतभर झालं असेल. उजवा पाय खाली गेला, धोटा गेला, आणि डाव्याची पाळी आली तेव्हा डावा पाय दाबला गेला नाही. त्याचा पंजा वर उचलला गेला. न दिसणारा दांडा शोधत, वर. ताणा उघडलाच नाही. धोटा बंद धाग्यांत घुसून अडकला आणि काठाजवळचे चार धागे तटकन तुटले.

जागेश्वर पायाकडे बघत बसला. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तापात झालं नव्हतं, बाप गेला त्या आठवड्यात झालं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि या वेळी तिथे कोणी हसायला नव्हतं, म्हणून त्याने ते येऊ दिलं.

मैनाबाईने पाहिलं होतं. ती खाली बसली होती, तिच्या डोळ्यांसमोर पायच होते. तिने तुटलेले धागे एकेक करून गाठले, थुंकीने बोट ओलं करून, घाई न करता. मग त्याला म्हणाली, "ऊठ. बाकीचं मी कोनाकडून विणून घेईन." आणि आत हाक मारली, "पुष्पलता, फळ्या मागच्या भिंतीले टेकून हायेत. याले एकट्याले झेपनार नाई, जड हायेत. तू बी हात लाव."